अल्कोहोलच्या नोंदवहीत सापडलेले उत्तर

बडोद्यातल्या कोणत्याही रसायनशास्त्राच्या किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलात, तर एक कपाट हमखास कुलूपबंद दिसेल. त्यात आर्सेनिक किंवा सायनाइड असेल असा बाहेरच्या माणसाचा समज होतो, पण असते ते अ‍ॅब्सोल्युट अल्कोहोल. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा वारसा गुजरातने राज्य झाल्यापासून सांभाळला आहे, त्यामुळे प्रयोगासाठीसुद्धा अल्कोहोल परवान्यावरच मिळते आणि त्याचा मिलिलिटरचा हिशेब ठेवावा लागतो. कपाटाशेजारी जाड पुठ्ठ्याची एक नोंदवही असते. तारीख, नाव, किती घेतले, कशासाठी घेतले, शिल्लक किती आणि सही, असे तिचे रकाने असतात. मी गेली बावीस वर्षे या नोंदवहीला कंटाळत आले आहे. गेल्या पावसाळ्यात मात्र तिच्यामुळेच एक कोडे सुटले, आणि ते कोडे द्रावकाविषयीचे असल्यामुळे सविस्तर लिहावेसे वाटले.

माझी भाची शहरातल्याच दुसऱ्या एका महाविद्यालयात एम. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. नेप्रोक्सेन हे वेदनाशामक आणि बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन यांचे संकुल तयार होते तेव्हा त्यांची एकमेकांवरची पकड किती घट्ट असते, हे मोजणे हा तिच्या प्रबंधाचा एक भाग. या पकडीच्या आकड्याला बंधनस्थिरांक किंवा नुसता स्थिरांक म्हणतात. एका रविवारी दुपारी ती दांडिया बाजारातल्या आमच्या घरी लॅपटॉप आणि उतरलेला चेहरा घेऊन आली.

"मावशी, दोनदा केलं. दोन वेगळी उत्तरं आली. दुसऱ्या वेळचा स्थिरांक पहिल्याच्या जवळजवळ अडीचपट आहे. गाईड म्हणतात, तुझा हात स्वच्छ नाही."

मी तिला तापमान विचारले, बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) विचारला, क्युव्हेट कोणती वापरली ते विचारले. सगळे सारखेच होते. मग विचारले, "अल्कोहोल किती होतं?"

"अगं, ते फक्त स्टॉक बनवण्यापुरतं. नेप्रोक्सेन पाण्यात विरघळत नाही ना."

त्या "फक्त" या शब्दापाशी मी थांबले. स्टॉक म्हणजे नंतर पातळ करून वापरायचे तीव्र द्रावण.

सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे काय हे आधी थोडक्यात सांगते. स्टार्चवर काही जिवाणूंच्या विकराची (एन्झाइमची) क्रिया झाली की ग्लुकोजच्या साखळीचे तुकडे पडतात आणि त्यांतल्या काहींची टोके एकमेकांना जुळून कडी तयार होते. १८९१ साली व्हिलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला एक किलो स्टार्चमधून असे जेमतेम तीन ग्रॅम स्फटिक मिळाले होते. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शार्डिंगर यांनी त्यांचा नीट अभ्यास केला. सहा ग्लुकोजची कडी अल्फा, सातांची बीटा आणि आठांची गॅमा. आकार बूड काढलेल्या कुंडीसारखा, एक तोंड रुंद आणि एक अरुंद. उंची सर्वांची सारखीच, सुमारे ७.९ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). पोकळीची रुंदी अल्फामध्ये पाच अँगस्ट्रॉमच्या आसपास, बीटामध्ये सहा ते साडेसहा आणि गॅमामध्ये आठच्या आसपास. हायड्रॉक्सिल गट दोन्ही काठांवर असल्यामुळे कुंडी बाहेरून पाण्याशी सलगी करते, परंतु आतल्या भिंतीला कार्बन-हायड्रोजन बंध आणि ईथरचे ऑक्सिजन यांचेच अस्तर असल्यामुळे आतला भाग पाण्याच्या मानाने कोरडा आणि तेलकट म्हणावा असा असतो. बेंझीनचे कडे किंवा नेप्रोक्सेनमधले नॅफ्थलीनचे जोडकडे बीटाच्या पोकळीत बरोबर बसते. या जोडीला यजमान आणि पाहुणा म्हणण्याची पद्धत आहे, आणि ती मला आवडते, कारण पाहुणा येऊन बसतो, निघूनही जातो, आणि त्यांच्यात कोणताही रासायनिक बंध तयार होत नाही.

इथपर्यंतचे सर्व पाठ्यपुस्तकांत असते. चित्रात एक कुंडी, एक पाहुणा आणि मधे दुतर्फा बाण एवढेच काढलेले असल्यामुळे विद्यार्थ्यांचा असा ग्रह होतो की पोकळी पाहुण्याला ओढून घेते. माझ्या मते या विषयातली सगळी गफलत त्या चित्रापासून सुरू होते. चित्रात पाणी दाखवलेलेच नसते. प्रत्यक्षात पोकळी कधी रिकामी नसते. पाण्यातल्या बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पोटात पाण्याचे सहा-सात रेणू बसलेले असतात, आणि ते तिथे सुखात नसतात, कारण मोकळ्या पाण्यात त्यांना चारी बाजूंनी जे हायड्रोजन बंध करता येतात तितके आत करता येत नाहीत. तिकडे नेप्रोक्सेनच्या तेलकट कड्याभोवतीही पाण्याची अशीच गैरसोय झालेली असते. पाहुणा आत शिरला की आतले पाणी बाहेर पडून आपल्या गोतावळ्यात मिसळते आणि पाहुण्याभोवतीचेही बरेचसे पाणी मोकळे होते. आत गेल्यावर भिंत आणि पाहुणा यांच्यात व्हॅन डर वाल्स आकर्षण असतेच, पण या व्यवहारातला मोठा वाटा पाण्याच्या नाराजीचा आहे. पाण्याला पाहुणा नको असतो, म्हणून तो पोकळीत जातो.

असे असेल, तर पाण्याची नाराजी कमी करणारी कोणतीही गोष्ट संकुल सैल करणार, हे ओघानेच आले. इथेनॉल, म्हणजे कपाटातले ते अल्कोहोल, नेमके तेच करते. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २५ अंशांना मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन, तर इथेनॉलचा २२. पाण्यात इथेनॉल मिसळत गेले की पृष्ठताण झपाट्याने उतरतो, म्हणजे तेलकट पृष्ठभागाला सामावून घेण्याची किंमत कमी होते, आणि ज्या नेप्रोक्सेनला बाहेर थांबणे अवघड होते त्याला आता बाहेरही बरे वाटू लागते. शिवाय इथेनॉलचा रेणू लहान असला तरी त्याचे एक टोक तेलकट असल्यामुळे तो स्वतःच पोकळीत जाऊन बसू शकतो. म्हणजे अल्कोहोल एकाच वेळी पाहुण्याला बाहेर थांबायला सोय करून देते आणि आतली जागाही अडवते. दोन्ही परिणाम एकाच दिशेचे असल्यामुळे प्रयोगातून ते वेगळे काढणे सोपे नसते.

भाचीला हे तोंडी सांगून पटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी तिला आमच्या प्रयोगशाळेत बोलावले आणि फिनॉल्फ्थॅलिनचा प्रयोग दाखवला. माझ्या अनुभवात या विषयावरचे कोणतेही व्याख्यान या प्रयोगाच्या जवळपास पोहोचत नाही. धुण्याच्या सोड्याच्या अगदी पातळ द्रावणात फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकले की शाळेपासून ओळखीचा तो भडक गुलाबी रंग येतो. त्यात बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनची चिमूटभर पांढरी पूड टाकून कॉनिकल फ्लास्क हलवला. पूड हळूहळू विरघळली आणि तिच्याबरोबर रंगही ओसरत गेला. आधी गुलाबाच्या पाकळीसारखा, मग धुवट, आणि शेवटी पाठीमागे पांढरा कागद धरल्याशिवाय दिसणार नाही इतका फिका. आम्ल घातलेले नव्हते, पीएच होता तसाच होता. फिनॉल्फ्थॅलिनचा रेणू पोकळीत शिरला की त्याला असा आकार घ्यावा लागतो की रंग देणारी सलग रचना मोडते, म्हणून आतला रेणू बिनरंगी असतो आणि रंग दिसतो तो फक्त बाहेर राहिलेल्यांचा.

मग मी ब्युरेटमध्ये अल्कोहोल भरले, अर्थात नोंदवहीत लिहून, आणि ते थेंब-थेंब सोडायला सांगितले. पहिल्या काही मिलिलिटरपर्यंत काही विशेष झाले नाही. पुढे फ्लास्कच्या कडेने, जिथे थेंब पडत होता तिथे, गुलाबी धूर दिसू लागला आणि हलवल्यावर तो नाहीसा न होता पसरला. अल्कोहोल द्रावणाच्या साधारण एकतृतीयांश होईपर्यंत रंग स्पष्टपणे परत आला होता. इथे एक बारकावा आहे. नुसत्या फिनॉल्फ्थॅलिनच्या द्रावणात इतके अल्कोहोल घातले असते, तर फिनॉल्फ्थॅलिनचा आम्लपणा, म्हणजे प्रोटॉन सोडण्याची प्रवृत्ती, कमी होऊन रंग थोडा फिकाच व्हायला हवा होता. तरीही इथे रंग चढला, याचा अर्थ पोकळीतून बाहेर पडलेल्या रेणूंची संख्या तो तोटा भरून काढून वर उरली. भाचीने फ्लास्क उजेडात धरला आणि म्हणाली, "म्हणजे हे बाहेर आले सगळे." तेवढ्यावर ती तिच्या नोंदी काढायला बसली.

तिच्या प्रयोगवहीत दोन्ही वेळा एकच वाक्य होते: "नेप्रोक्सेनचा अल्कोहोलमधला स्टॉक केला." किती अल्कोहोलमध्ये, हे कुठेच नव्हते. विद्यार्थ्यांच्या वह्यांतले हे नेहमीचे वाक्य आहे आणि खरे सांगायचे तर माझ्या स्वतःच्या जुन्या वह्यांतही ते सापडेल. पण त्यांच्या महाविद्यालयातही कुलूपबंद कपाट आहे आणि त्याच्याशेजारी नोंदवही आहे. दुसऱ्या दिवशी तिने त्या पानांचे फोटो पाठवले. पहिल्या वेळी तिने शंभर मिलिलिटर अल्कोहोल घेतले होते. दुसऱ्या वेळी फक्त दहा. मी कारण विचारले, तर उत्तर सरळ होते. महाविद्यालयाचा कोटा संपत आला होता, नव्या परवान्याचे कागद यायचे होते, म्हणून तिने तेवढेच नेप्रोक्सेन दहा मिलिलिटरमध्ये विरघळवून दसपट तीव्र स्टॉक केला आणि प्रत्येक फ्लास्कमध्ये एक मिलिलिटरऐवजी एकदशांश मिलिलिटर घातला. फ्लास्क दहा मिलिलिटरचे होते. नेप्रोक्सेन दोन्ही वेळा तंतोतंत सारखे, पण अल्कोहोल पहिल्या वेळी दहा टक्के आणि दुसऱ्या वेळी एक टक्का.

आता हिशेब करता येतो, आणि तो कागदाच्या पाठीवर होण्याइतका सोपा आहे. इथेनॉल आणि बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन यांचा बंधनस्थिरांक अगदी क्षुल्लक आहे, साधारण एक प्रति मोलर (मोलर म्हणजे लिटरमागे एक मोल). ज्या पाहुण्यांचा आपण अभ्यास करतो त्यांचे स्थिरांक शेकड्यांत किंवा हजारांत असतात, फिनॉल्फ्थॅलिनचा तर वीस हजारांच्या पुढे. त्यामुळे इथेनॉलची कुणी दखल घेत नाही. पण दहा टक्के इथेनॉल म्हणजे लिटरमध्ये शंभर मिलिलिटर, म्हणजे सुमारे ७९ ग्रॅम, म्हणजे ४६ ने भागल्यावर १.७ मोल. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन खोलीच्या तापमानाला पाण्यात लिटरमागे जेमतेम १८.५ ग्रॅम, म्हणजे सोळा मिलिमोल विरघळते. थोडक्यात, प्रत्येक कुंडीमागे दारात इथेनॉलचे शंभराहून अधिक रेणू उभे आहेत. त्यांतला प्रत्येक जण लेचापेचा आहे, पण गर्दीचे म्हणून एक बळ असतेच. नुसती जागेची स्पर्धा धरली, तर दिसणारा स्थिरांक खऱ्या स्थिरांकाला "एक अधिक इथेनॉलचा स्थिरांक गुणिले इथेनॉलची तीव्रता" या बेरजेने भागून मिळतो. दहा टक्क्यांना तो भाजक २.७ येतो आणि एक टक्क्याला १.१७. दोहोंचे गुणोत्तर २.३. भाचीच्या दोन उत्तरांचे गुणोत्तर अडीचच्या जवळ होते. उरलेला फरक पाण्याच्या नाराजीत झालेल्या घटीचा असावा, असा माझा अंदाज आहे. मोजमापाची चूक वजा जाता त्यावर फार जोर देणार नाही, पण तिचा हात स्वच्छ होता एवढे नक्की.

अल्कोहोल म्हणजे फक्त इथेनॉल नव्हे, हेही याच हिशेबातून दिसते. साखळीत एक-एक कार्बन वाढत गेला की बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनशी असलेला स्थिरांक प्रत्येक पायरीला तीन-चार पटींनी चढतो. मिथेनॉलचा सुमारे एकतृतीयांश, इथेनॉलचा एक, प्रोपेनॉलचा चारच्या आसपास, ब्युटेनॉलचा सतराच्या आसपास, पेंटेनॉलचा साठाच्या पुढे आणि हेक्झेनॉलचा दोनशेच्या वर. आता पेंटेनॉल ०.१ मोलर घ्या, म्हणजे आकारमानाने एक टक्का. भाजक सातच्या पुढे जातो. एक टक्का पेंटेनॉल दहा टक्के इथेनॉलपेक्षा अडीच पटींहून अधिक नुकसान करते. म्हणून "सहद्रावक (पाण्यात मिसळलेला दुसरा द्रावक) कमीच होता" हे वाक्य, सहद्रावक कोणता होता हे सांगितल्याशिवाय, मला काहीच सांगत नाही. सरळ साखळीची अल्कोहोले अल्फाच्या अरुंद पोकळीत आणखी घट्ट बसतात, तर सायक्लोहेक्झेनॉलसारखे गुबगुबीत रेणू बीटाला पसंत पडतात. चप्पल घेताना पायाचे माप पाहतात, तसेच हे आहे.

इथवर वाचून अल्कोहोल हा या गोष्टीतला खलनायक आहे असे कुणाला वाटले असेल, तर तसे नाही. पायरीन नावाचा चार कड्यांचा चपटा रेणू आहे. तो बीटाच्या पोकळीत अर्धामुर्धा बसतो, भिंत आणि तो यांच्यामध्ये फटी राहतात. अशा द्रावणात टर्शरी ब्युटेनॉल किंवा सायक्लोहेक्झेनॉल बेताने घातले, तर काही वेळा संकुल सैल होण्याऐवजी बळकट होते, कारण अल्कोहोलचा रेणू पाहुण्याला हाकलण्याऐवजी त्याच्या शेजारच्या फटीत जाऊन बसतो आणि तिघांचे मिळून एक संकुल तयार होते. पायरीनच्या प्रतिदीप्तीतल्या, म्हणजे प्रकाश शोषून त्याने परत टाकलेल्या उजेडातल्या, दोन शिखरांच्या उंचीचे प्रमाण बदलते त्यावरून हे कळते. भिंतीतल्या विटांच्या सांध्यात चुन्याने जे काम करावे ते इथे अल्कोहोल करते.

त्याहून मोठा विरोधाभास कारखान्यात आहे. ज्या सेंद्रिय द्रावकांना आपण प्रयोगशाळेत दूर ठेवतो, त्यांच्याच साहाय्याने सायक्लोडेक्स्ट्रिन बनवतात. विकराच्या क्रियेतून अल्फा, बीटा आणि गॅमा यांचे मिश्रण मिळते. त्यात टोल्यूइन घातले की ते बीटाच्या पोकळीत जाऊन बसते, त्यांचे संकुल पाण्यात विरघळत नाही, ते खाली बसते, आणि विकराला आणखी बीटा बनवत राहणे भाग पडते. अल्फा हवे असेल तर टोल्यूइनऐवजी डेकॅनॉल वापरतात. म्हणजे इथे द्रावकच पाहुणा होतो आणि कोणती कडी किती बनणार तेही तोच ठरवतो. शेवटी टोल्यूइन काढून टाकावे लागते, आणि औषधात वापरायच्या मालात त्याचा किती अंश शिल्लक आहे याची कसोशीने तपासणी होते, हे वेगळे सांगायला नको.

प्रबंधांच्या तपासनीस म्हणून काम करताना जी एक गोष्ट मला वारंवार खटकते, तिचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. संकुल तयार झाले याचा पुरावा म्हणून एनएमआरचा, म्हणजे रेणूतल्या हायड्रोजनांचे संकेत दाखवणारा, आलेख जोडलेला असतो, आणि कोपऱ्यात पाहावे तर द्रावक डीएमएसओ, म्हणजे डायमिथिल सल्फॉक्साइड. कारण समजण्यासारखे आहे. पाहुणा जड पाण्यात (साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या पाण्यात) विरघळत नाही, डीएमएसओमध्ये यजमान आणि पाहुणा दोघेही लीलया विरघळतात. पण ज्या द्रावकात दोघेही इतके सुखी आहेत, त्यात पाहुण्याने पोकळीत शिरायचे कशाला? डीएमएसओमध्ये हे स्थिरांक बहुतेक वेळा पाण्याच्या तुलनेत कितीतरी पटींनी घसरतात, कारण तिथे पाण्याची नाराजीच नसते आणि पोकळीत डीएमएसओचेच रेणू बसलेले असतात. ग्लुकोजच्या तिसऱ्या आणि पाचव्या कार्बनवरचे हायड्रोजन पोकळीच्या आत तोंड करून असतात. पाहुणा खरोखर आत गेला असेल, तर जड पाण्यात त्यांचे संकेत सरकलेले दिसायला हवेत. डीएमएसओमध्ये ते जागच्या जागी असतात आणि तरी खाली "संकुल सिद्ध झाले" असे लिहिलेले असते. घन अवस्थेत संकुल होते, हे खरे असू शकेल. पण डीएमएसओमध्ये विरघळवताक्षणी ते बहुधा सुटले, आणि विद्यार्थ्याने जोडला आहे तो दोन वेगवेगळ्या पदार्थांचा एकत्र आलेख.

विद्राव्यतेच्या आलेखातही असाच खड्डा आहे. हिगुची आणि कॉनर्स यांनी १९६५ मध्ये मांडलेली पद्धत आजही सर्वत्र वापरतात. सायक्लोडेक्स्ट्रिनची तीव्रता वाढवत न्यायची, औषध किती विरघळते ते पाहायचे, सरळ रेष आली तर तिचा चढ घ्यायचा, आणि तो चढ "औषधाची मूळ विद्राव्यता गुणिले एक वजा चढ" याने भागला की स्थिरांक मिळतो. सहद्रावक असेल, तर ही मूळ विद्राव्यता त्याच मिश्रणातली घ्यावी लागते. पाण्यातला आकडा पुस्तकातून उचलून पाच टक्के इथेनॉलमधल्या चढाबरोबर वापरला, तर जे उत्तर येते ते कुठल्याच द्रावणाचे नसते.

यातली सर्वांत चकवणारी गोष्ट सूत्रकरणाच्या, म्हणजे औषधाला वापरण्याजोगे रूप देण्याच्या, टेबलावर समोर येते. औषध पाण्यात विरघळत नाही, थोडे सायक्लोडेक्स्ट्रिन घातले तर विरघळते, थोडे अल्कोहोल घातले तरी विरघळते, मग दोन्ही घातल्यावर दुप्पट विरघळेल असा सरळ हिशेब माणूस करतो. पुष्कळदा उलटे होते. सायक्लोडेक्स्ट्रिनच्या स्वच्छ द्रावणात थोडे इथेनॉल ओतले आणि ते गढूळ झाले, असे मी स्वतः पाहिले आहे. इतक्या थोड्या अल्कोहोलने पोकळीतून पाहुणा सुटा होतो, पण बाहेरच्या द्रावणाला त्याला सांभाळता येण्याइतके अल्कोहोल अजून नसते. ना घरचा ना घाटाचा, अशी त्याची अवस्था होते आणि तो तळाशी बसतो. अल्कोहोल आणखी वाढवत नेले तर पुढे विद्राव्यता पुन्हा चढते, पण तोवर सायक्लोडेक्स्ट्रिन घालण्याचे प्रयोजनच संपलेले असते.

शिरेतून द्यायच्या औषधांत मात्र सायक्लोडेक्स्ट्रिनची बाजू सरस ठरते, आणि तेही द्रावकाच्याच संदर्भात. सहद्रावकामुळे वाढणारी विद्राव्यता घातांकी असते, सायक्लोडेक्स्ट्रिनमुळे वाढणारी बहुतेक वेळा सरळ रेषेत. इंजेक्शन रक्तात जाऊन पातळ झाले की सहद्रावकाची टक्केवारी घटते तेव्हा विद्राव्यता त्याहून कितीतरी वेगाने कोसळते आणि औषधाचे कण पडण्याचा धोका निर्माण होतो. सायक्लोडेक्स्ट्रिन पातळ झाले तर औषधही त्याच प्रमाणात पातळ झालेले असते आणि दोघे बरोबरीने उतरतात. २०२० मध्ये ज्याच्या कुप्यांसाठी लोकांनी आपल्या शहरातही रात्री-अपरात्री औषधांची दुकाने पालथी घातली, त्या रेमडेसिव्हिरच्या शंभर मिलिग्रॅमच्या पांढऱ्या पुडीत बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनचे एक सुधारित रूप तीन ग्रॅम असते. म्हणजे औषधाच्या तीसपट यजमान. त्या दिवसांत कुपीवरचा मजकूर एवढ्या बारकाईने वाचण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हते, मीही नव्हते.

खलबत्त्याचे काम थोडक्यात सांगते. घन संकुल करण्यासाठी औषध आणि सायक्लोडेक्स्ट्रिन खलात घेऊन निम्मे पाणी आणि निम्मे अल्कोहोल यांच्या मिश्रणाने कणिक मळावी तसे घोटतात. इथे अल्कोहोल चालते, कारण ते तिथे राहत नाही. औषधाला तेवढ्यापुरते विरघळवून पोकळीच्या तोंडाशी आणणे हे त्याचे काम, आणि वाळवताना ते पाण्याआधी उडून जाते. जे शेवटी द्रावणात राहणार आहे आणि जे उडून जाणार आहे, यांत फरक करायला विद्यार्थ्यांना शिकवले पाहिजे. आमच्याकडे ते फारसे शिकवले जात नाही, आणि त्यात मीही आले.

या शहराला अल्कोहोलचे वावडे कधीपासून, असाही विचार त्या दिवसांत मनात येऊन गेला. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उभारली, त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते, आणि १९०७ मध्ये इथे औषधनिर्मिती करणाऱ्या अ‍ॅलेम्बिकची सुरुवात झाली ती टिंक्चरे आणि अल्कोहोल यांच्या उत्पादनाने. अ‍ॅलेम्बिक या शब्दाचा अर्थच ऊर्ध्वपातनाचे भांडे, म्हणजे ज्यातून अर्क गाळतात ते. त्याच शहरात आज दहा मिलिलिटरसाठी तीन सह्या लागतात. तक्रार म्हणून लिहीत नाही. त्या सह्या नसत्या तर भाचीचे दोन आकडे आजही एकमेकांशी भांडत बसले असते.

पुढचे काम तिने नीट केले. नवा परवाना आल्यावर एक, पाच, दहा आणि वीस टक्के इथेनॉल असे चार संच लावले, आणि प्रत्येक संचातल्या सर्व फ्लास्कमध्ये, अगदी सायक्लोडेक्स्ट्रिन नसलेल्या तुलनेच्या फ्लास्कमध्येही, अल्कोहोल बरोबर तेवढेच राहील याची काळजी घेतली. बफर आम्लधर्मी ठेवला, कारण नेप्रोक्सेनने प्रोटॉन सोडून ऋणभार घेतला की ते पोकळीत तितक्या उत्साहाने जात नाही, आणि अल्कोहोलमुळे आम्लपणाही थोडा सरकतो. स्थिरांकाचा लॉगरिदम आणि अल्कोहोलची टक्केवारी यांचा आलेख काढला, तेव्हा पहिले तीन बिंदू उतरत्या सरळ रेषेवर बसले. ती रेष मागे शून्य टक्क्यापर्यंत नेऊन तिने शुद्ध पाण्यातला आकडा काढला. वीस टक्क्यांचा बिंदू रेषेच्या किंचित वर राहिला आहे. मी तो गाळू नकोस असे सांगितले. कदाचित तिथे तिघांचे संकुल होत असेल, कदाचित प्रतिदीप्तीतला बदल इतका लहान झाला असेल की मोजणीवर विश्वास टाकता येऊ नये. तो आता तसाच प्रबंधात आहे.

तिच्या गाईडनी सगळे वाचले, "बरं" म्हणाले आणि एक प्रश्न विचारला, की पहिल्या दोन प्रयोगांतले अल्कोहोलचे प्रमाण तुझ्या वहीत नाही, मग ते तू कशावरून लिहिलेस. तिने नोंदवहीच्या त्या दोन पानांची छायाप्रत काढली आणि साहाय्यकाची सही घेऊन परिशिष्टात लावली. "कशासाठी" या रकान्यात पहिल्या नोंदीपुढे "स्टॉक" आणि दुसऱ्या नोंदीपुढे "स्टॉक, कोटा कमी" असे तिच्याच अक्षरात लिहिले आहे.